हात पुन्हा चालू झाला म्हणून फसू नका

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



दरवर्षी या व्याख्यानमालेत समिती मला कामगारांच्या प्रश्नावर बोलायला सांगते. या वेळी मी समितीला विनंती केली की मला दुसरा विषय द्या. माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबला तर आत काय घडतं, आणि तो माणूस पुन्हा बरा कसा होतो, किंवा का होत नाही, यावर मला बोलायचं आहे. काही जणांना वाटेल, सूतगिरणीच्या रिंग खात्यात साचे सांभाळणारा, नववीत शाळा सोडलेला हा माणूस मेंदूवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीनं मला वाचायला लावलं. वाचनालयातली पुस्तकं वाचली, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, मुलगी नर्सिंगला आहे तिच्याकडून समजून घेतलं. जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

आधी चूक सांगतो, कारण तीच या भाषणाचं मूळ आहे.

२०२२ सालचा मे महिना. आमची दुसरी पाळी चालू होती. माझ्या शेजारच्या साच्यांवर माझा वीस वर्षांचा सोबती होता. त्याचं नाव घेत नाही, तो आणि वहिनी इथे बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पाहिलं, याच्या साच्यावर तारा तुटून पडल्यात आणि हा नुसता उभा आहे. उजव्या हाताची बोटं तार धरीनात. मी हाक मारली तर तोंडातून शब्द वेडेवाकडे आले. मी त्याला पाण्याच्या टाकीजवळ बसवला. तोंडावर पाणी मारलं, चहा पाजला. म्हटलं, "उष्मा आहे गड्या, त्यात जागरण." दहा-बारा मिनिटांत हात चालू झाला, बोलणं साफ झालं. तो हसला आणि म्हणाला, "जॉबरला सांगू नको, खाडा पडेल." मी म्हटलं, "नाही सांगत." आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही.

तो मंगळवार होता. गुरुवारी पहाटे पाचला तो उठला, मोरीवर गेला, परत आला तेव्हा ठीक होता. साडेपाचला खाली पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शेजारचे जमले. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. एका नातेवाइकानं सांगितलं की पलीकडच्या तालुक्यात लकव्याचं औषध देणारा माणूस आहे. जीप करून तिकडे नेलं. तिथे कबुतराचं रक्त चोळलं. इस्पितळात पोहोचेपर्यंत दुपारचे बारा वाजून गेले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?" वहिनी म्हणाल्या, "पहाटे पाचला." डॉक्टर गप्प झाले. मग दुसरा प्रश्न, "याआधी असं थोडा वेळ काही झालं होतं का?" वहिनींना काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त मला. आणि मी तिथं मान खाली घालून उभा होतो.

आता आपण मेंदूकडे वळू.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरतो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शंभरात दोन भाग. पण शरीर विसावलेलं असताना जेवढा प्राणवायू खर्च होतो, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा मेंदू खातो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्यातून वाहतं. जिवंत माणसाच्या मेंदूतलं रक्त मोजण्याची पद्धत केटी आणि श्मिट या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात बसवली. तेव्हापासून हा हिशेब पक्का झाला की १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं.

एवढं रक्त कशासाठी? मेंदूची प्रत्येक पेशी म्हणजे एक पंपघर आहे. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, असा फरक राखावा लागतो. त्या फरकावरच विजेचे संदेश चालतात. हा फरक राखायला पंप रात्रंदिवस चालतो, आपण झोपलो तरी. त्या पंपाचं इंधन म्हणजे एटीपी नावाचं रसायन. ते बनतं रक्तातली साखर आणि प्राणवायू यांपासून. आपल्या गिरणीत कापसाच्या गाठी गोदामात पडून असतात. चार दिवस गाडी आली नाही तरी साचे चालतात. मेंदूला असं गोदाम नाही. साखरेचा साठा नाममात्र, प्राणवायूचा साठा जवळजवळ नाहीच. येईल तसं वापरायचं.

म्हणून रक्त थांबलं की हिशेब सेकंदांत सुरू होतो. १९४३ साली अमेरिकेत तरुण पुरुषांच्या मानेभोवती हवेचा पट्टा आवळून मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण रोखण्याचा प्रयोग झाला होता. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यात दिसलं ते असं, की दहा सेकंदांच्या आसपास माणसाची शुद्ध जाते. आणि पट्टा लगेच सैल केला की शुद्ध परत येते. म्हणजे मेंदू आधी काम बंद करतो, मरतो नंतर. या "आधी" आणि "नंतर"च्या मधल्या वेळातच माणूस वाचतो किंवा कायमचा पांगळा होतो. हे नीट लक्षात ठेवा.

रक्त थांबण्याचे तीन प्रकार आपल्यासारख्यांनी ओळखायला हवेत.

पहिला प्रकार, साधी चक्कर. रांगेत उन्हात उभं राहिलं, रक्तदाब एकदम उतरला, सगळ्याच मेंदूला रक्त कमी पडलं आणि माणूस कोसळला. आडवा पडला की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतं, रक्त पोहोचतं, बहुधा मिनिटभरात तो डोळे उघडतो. मेंदूला इजा होत नाही. अशा माणसाला उचलून बसवू नये, आडवंच ठेवावं. चक्कर वारंवार आली, किंवा छातीत दुखून, धडधड होऊन आली, तर मात्र तपासणी हवीच.

दुसरा प्रकार, हृदयच बंद पडणं. इथे सगळ्या मेंदूचं रक्त एकाच वेळी थांबतं. काही मिनिटांत इंधन संपतं आणि चार-पाच मिनिटांनंतर कायमचं नुकसान सुरू होतं. म्हणून अशा वेळी छातीच्या मध्यभागी जोरजोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं असतं. त्यानं थोडं का होईना, रक्त मेंदूकडे ढकललं जातं. हे शिकण्यासारखं आहे आणि आपल्या तरुणांनी शिकलं पाहिजे.

तिसरा प्रकार माझ्या सोबत्याचा. मेंदूच्या एका भागाकडे जाणारी एक रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीनं बंद होते. बाकी मेंदू चालू, एक भाग बंद. डाव्या मेंदूतली वाहिनी असेल तर उजवं अंग जातं, आणि बहुतेकांची वाचाही डाव्या बाजूलाच असते, म्हणून बोलणंही जातं.

या बंद पडलेल्या भागात काय होतं ते ऐका. मधोमध जिथे रक्त जवळजवळ पोहोचतच नाही, तिथे पंप बंद पडतात. सोडियम आणि पाणी आत घुसून पेशी फुगतात. प्राणवायू नसल्यामुळे साखर अर्धवट जळते आणि लॅक्टिक आम्ल साठतं. ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं, त्यानं शेजारच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि तो पेशीला आतून खातो. पण या मधल्या भागाच्या भोवती एक कडं असतं. तिथे आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडं रक्त झिरपत असतं. आस्ट्रुप, सिएस्यो आणि सायमन या शास्त्रज्ञांनी १९८१ साली हे नीट मांडलं. ५० ऐवजी साधारण २० पेक्षा कमी रक्त मिळालं की पेशी संदेश देणं बंद करते. पण १० च्या आसपास खाली गेल्यावरच तिचा पंप बंद पडतो. या दोहोंच्या मधली पेशी गप्प असते, पण जिवंत असते. ग्रहणात पूर्ण सावलीच्या भोवती फिकट सावली असते, तिला इंग्रजीत पेनंब्रा म्हणतात. तेच नाव या भागाला दिलं आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा हात मेलेला दिसतो. पण त्या हाताच्या पेशी अजून वाट बघत असतात. किती वेळ? काहींच्या काही मिनिटं, काहींच्या काही तास. बारीक वाहिन्यांचं जाळं ज्याचं त्याचं वेगळं. मोठी वाहिनी बंद असताना उपचाराविना सरासरी मिनिटाला १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. आमचा सोबती जीपमध्ये बसून पलीकडच्या तालुक्यात जात होता, तेव्हा हा हिशेब चालू होता.

आता कुणी म्हणेल, रक्त परत आलं की सगळं ठीक होईल. तेही पूर्ण खरं नाही. आपल्या गिरणीतल्यांना हे चटकन कळेल. लाइट जाते तेव्हा हजार-हजार चात्या थांबतात, तारा ढिल्या पडून पिळा खातात. लाइट आल्यावर साचा सुरू होतो आणि त्याच क्षणी तारा तटातट तुटायला लागतात. मेंदूतही, उपाशी पेशींवर प्राणवायू एकदम आला की त्यातून घातक कण तयार होतात, सूज येते, कमकुवत झालेल्या वाहिनीतून कधी रक्तही सांडतं. उशीर जितका जास्त तितका हा धोका मोठा. म्हणून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सरसकट कधीही देता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावून गेली. किरिनो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९८२ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचं रक्त फक्त पाच मिनिटं थांबवलं आणि परत सोडलं. प्राणी उठले, फिरू लागले. पहिल्या दिवशी स्मरणाशी संबंधित भागातल्या पेशी जवळजवळ ठीक दिसल्या. आणि दोन ते चार दिवसांत त्याच पेशी मरून गेल्या. हृदय बंद पडून वाचलेल्या काही माणसांची आठवण का बिघडते, याचा धागा इथे लागतो. वरून ठीक दिसणं आणि आतून ठीक असणं या दोन गोष्टी आहेत.

आता मी त्या मंगळवारच्या दहा मिनिटांकडे येतो.

गुठळी अडकली, आणि आपोआप विरघळून किंवा पुढे सरकून वाट मोकळी झाली. हात परत आला. डॉक्टर याला टीआयए म्हणतात, तात्पुरता झटका. पूर्वी चोवीस तासांच्या आत बरं झालं की त्याला हे नाव देत. पण मेंदूचे बारीक फोटो निघू लागल्यावर दिसलं की लवकर बऱ्या झालेल्यांतही काहींच्या मेंदूत छोटा डाग राहिलेला असतो. म्हणून २००९ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी व्याख्याच बदलली. घड्याळापेक्षा मेंदूत इजा झाली की नाही, हे पाहायचं ठरलं.

आणि मुख्य मुद्दा. जिथून गुठळी आली ती जागा तशीच असते. मानेच्या वाहिनीत चरबीचा थर असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, रक्तदाब चढलेला असेल. दुसरी गुठळी केव्हाही सुटते. कॅलिफोर्नियात अशा १,७०० रुग्णांवर लक्ष ठेवलं. २००० साली निष्कर्ष आला की तीन महिन्यांत शंभरातल्या दहा जणांना पक्का झटका आला, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांत. मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार पहाट. दोन दिवससुद्धा नाहीत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा अभ्यास वाचला, २००७ सालचा. तिथे तात्पुरता झटका किंवा सौम्य झटका आलेल्या माणसांना त्याच दिवशी तपासून औषध सुरू करण्याची व्यवस्था केली. तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण शंभरात दहावरून दोनवर आलं. औषधं नवी नव्हती. रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची, चरबीची, तीच नेहमीची औषधं. फरक फक्त लवकर देण्याचा होता. म्हणजे त्या मंगळवारी मी त्याला गेटबाहेर काढून इस्पितळात नेलं असतं, तर कदाचित आज तो माझ्या शेजारी तार जोडत असता. नक्की असं कुणीच सांगू शकत नाही. पण एका खाड्याच्या भीतीनं आम्ही दोघांनी ती संधी घालवली. आमच्या सोबत्यानं दोन महिन्यांपूर्वी रक्तदाबाची गोळीही सोडली होती. "काही त्रासच होत नाही, मग गोळी कशाला?" रक्तदाब त्रास देत नाही, सरळ अंग घेऊन जातो.

म्हणून माझ्या आया-बहिणींनो, भावांनो, एवढं पाठ करा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय गळाला, बोलणं अडखळलं, एका डोळ्यापुढे एकदम अंधार आला, तर घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन लावा. जिथे सीटी स्कॅन दिवसरात्र चालू असतं अशाच इस्पितळात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढण्याचा उपचार २०१५ पासून मान्य झाला आहे. निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करतात, पण तो सगळीकडे मिळत नाही.

आणि काय करायचं नाही तेही ऐका. चहा, पाणी, औषध तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. मी चहा पाजला, ती माझी दुसरी चूक. घरातली ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं देऊ नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करू शकते. मधुमेहाचा रुग्ण असेल तर ते आधी सांगा. साखर फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही जा. उलट तेव्हाच जा, कारण वाचवण्यासारखं सगळं तेव्हा शिल्लक असतं. कबुतराच्या रक्तानं मेंदूतली वाहिनी उघडत नाही. तो जीवही जातो आणि आपला वेळही जातो.

आता शेवटचं, बरं होण्याविषयी. मेलेली पेशी परत येत नाही. पण सूज उतरते, गप्प बसलेल्या पेशी कामाला लागतात आणि शेजारच्या पेशी नवीन जोडण्या करून गेलेलं काम थोडं थोडं शिकतात. पहिल्या तीन महिन्यांत हे सर्वांत वेगानं होतं, नंतर वेग कमी होतो, पण थांबत नाही. हे शिकणं सरावातून होतं. तीच हालचाल रोज शेकडो वेळा करावी लागते. आपल्याकडे माणसाला खाटेवर झोपवून सगळं हातात देतात आणि त्याला सेवा म्हणतात. त्याचा हात त्यालाच वापरू द्या.

आमच्या सोबत्याच्या बाबतीत एक गोष्ट घडली, ती या विहारातच घडली. तीन महिन्यांनी वहिनी त्याला इथे घेऊन आल्या. त्याला स्वतःच्या बायकोचं नाव घेता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं. वंदना सुरू झाली आणि हा सगळ्यांबरोबर त्रिसरण-पंचशील म्हणू लागला, अडखळत का होईना. मागे कुणीतरी पुटपुटलं, "बघा, बोलता येतंय, सोंग करतोय." वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यात सोंग काही नाही. लहानपणापासून घोकलेलं, सुरात म्हटलेलं, एक-दोन-तीन असे आकडे, हे वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. नवीन वाक्य जुळवण्याची वाट बंद आहे. अशा माणसाला समजतं बरंच, सांगता येत नाही एवढंच. त्याच्याशी हळू बोला, छोटं बोला, उत्तराला वेळ द्या, आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी वाटेल ते बोलू नका.

आज तो काठी घेऊन चालतो. डाव्या हातानं सही शिकला. उजव्या हातानं पेला धरतो, तार धरता येत नाही. वहिनींचं नाव मागच्या वर्षी पहिल्यांदा घेतलं. रोज अर्धा तास मी त्याच्याकडे बसतो, वर्तमानपत्रातले मथळे आम्ही दोघं मिळून वाचतो. कधी चुकीचा शब्द आला की दोघंही हसतो.

माझी समितीला एक सूचना आहे. विहारात महिन्यातून एका रविवारी रक्तदाब तपासण्याची सोय करावी. यंत्र फार महाग नाही, आपल्या नर्स मुली ते काम करतील. आणि जवळ चोवीस तास स्कॅन कुठे होतं, त्याचा पत्ता आणि फोन नंबर दाराजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आणि गिरणीतल्या माझ्या भावांना सांगतो, शेजारच्याचा हात दहा मिनिटं जरी थांबला, तरी जॉबरला सांगा. खाडा पडला तर पडू द्या, पगार पुढच्या महिन्यात भरून निघतो.

माझी चूक मी तुमच्यासमोर ठेवली. ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, एवढंच मागणं. 

जयभीम! नमो बुद्धाय!